साडूंच्या घरचा सर्व्हर

आमच्या थोरल्या साडूंइतका उत्साही माणूस परंडा तालुक्यात दुसरा नाही, आणि तालुक्याबाहेर असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो पाहुण्यांपासून लपवून ठेवलेला असणार. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. आवाज अजून ड्यूटीवरच आहे. जेवायला बोलवायचं असलं तरी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "जेवणाऱ्यांनी लक्ष द्यावे, भाकरी तव्यावरून सुटायच्या तयारीत आहे" असं पुकारतात, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसंही हात धुवायला उठतात. घरात एक लांबलचक रजिस्टर आहे. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची वेळ नोंदवलेली असते. मी धाराशिवहून जातो तेव्हा दारातच विचारणा होते, "तुमचं आगमन दहा पन्नासला अपेक्षित होतं, पाव्हणं. वीस मिनिटं लेट. कारण?" मी काहीतरी कारण सांगतो, साडू ते लिहून घेतात, मगच पाण्याचा तांब्या येतो. त्या रजिस्टरात सगळ्यात जास्त लाल शेरे माझ्या नावापुढं आहेत, हे त्यांनी मला एकदा अभिमानानं दाखवलं होतं.

नवी वस्तू घरात आली की आधी ती आतून बघायची, हा त्यांचा दुसरा नेम. अक्कांनी हौसेनं मिक्सर आणला, तर यांनी चटणी वाटायच्या आधीच तो सतरंजीवर उघडून मांडला. "आतून कसा हाय ते बघितल्याबिगर वापरायचा कसा?" परत जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले. मिक्सर मात्र झकास चालला, अजून चालतो. ते दोन स्क्रू त्यांनी डबीत जपून ठेवलेत आणि कुणी विचारलं तर सांगतात, "कंपनीनं जास्तीचे घातलेते. म्या कमी केले." अशा माणसाच्या डोक्यात घरी सर्व्हर बसवायचं खूळ शिरलं तर काय होईल, याची मला कल्पना यायला हवी होती. पण ते खूळ ज्या कारणानं शिरलं ते कारण असं होतं, की मला हसताही येईना.

आमची सासुरवाडी सास्तूर. मी लग्न करून गेलो ते त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात, सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगांत. जुनं गाव मी पाहिलेलं नाही. माझे सासरेही मी पाहिलेले नाहीत, ते भूकंपात गेले. त्यांच्याबरोबर घर गेलं, आणि घराबरोबर होते-नव्हते तेवढे फोटो गेले. माझी बायको तेव्हा नऊ वर्षांची होती. वडिलांचा चेहरा आठवायला ती डोळे मिटते आणि दर वेळी थोडा कमी आठवतो, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. सासऱ्यांचं चित्र म्हणून जगात एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे साडूंच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झालं, कॅसेट परंड्याला साडूंकडं आली म्हणून वाचली. भाड्याचा व्हीसीआर आणून त्यांनी ती एकदा पाहिली, आणि महिन्याभरात भूकंप झाला. पुढं कुणाची बघायची हिंमत झाली नाही. सासूबाई तर नावही काढू द्यायच्या नाहीत. साडूंनी ती कॅसेट ट्रंकेत, अक्कांच्या शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात तीस वर्षं ठेवली. दर खंडेनवमीला ती बाहेर निघायची, पान्हा-पक्कडीच्या रांगेत बसून हळद-कुंकू लावून घ्यायची आणि परत आत जायची.

मागच्या संक्रांतीला सासूबाई परंड्याला आल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं करायला नको म्हणत होत्या. तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "जावईबापू, ती क्यासेट हाय का वो अजून? दिसतंय तवर एकदा बघावं म्हन्ते." साडू उभे होते ते खाली बसले. अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मला फोन. "पाव्हणं, मामींना मामा दाखवायचेत. म्या सर्व्हर बसवायलोय."

मी म्हणालो, अहो, कॅसेट कुठंतरी उतरवून घ्या, पेनड्राइव्हमध्ये भरा, टीव्हीला लावा, झालं. माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी जीपला आमच्याकडं वडाप म्हणतात, आणि उभा जन्म स्टँडवर काढलेल्या साडूंच्या तोंडी त्याहून वाईट शिवी नाही. "पेनड्राइव्ह म्हंजे वडाप!" ते कडाडले. "कुणीबी खिशात घालावं, कुठंबी सोडावं. आपल्याला डेपो पायजे, डेपो! एका कॉम्प्युटरात सगळं उभं करायचं. मग मामी पुढच्या खोलीत बसू द्या, मधल्या खोलीत पडू द्या, टीव्हीवर बघू द्या, फोनवर बघू द्या. जिथं असतील तिथं गाडी हजर!" खरं सांगायचं तर मला तेव्हाच त्यांचा हेवा वाटला. सासूबाईंनी मला सांगितलं असतं, तर मी चार दिवस नुसता हळहळत बसलो असतो.

बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून त्यांनी एक जुनी पेटी मिळवली. तिच्यावर "क्रमांक ७, हात लावू नये" अशी चिठ्ठी होती, ती त्यांनी शिस्तीची खूण म्हणून तशीच ठेवली. सर्व्हर घरात येतोय हे कळल्यावर गल्लीत खळबळ उडाली, कारण आपल्याकडं सर्व्हर हा शब्द लोकांनी फक्त "डाउन आहे" याच्या अलीकडंच ऐकलेला असतो. बँकेत सर्व्हर डाउन, रेशनच्या दुकानात सर्व्हर डाउन, दाखला काढायला जावं तर तिथंही डाउन. शेजारच्या काकू अक्कांना हळहळून म्हणाल्या, "आता बाई तुझ्या घरातबी काम व्हायचं न्हाय." अक्कांनाही ते पटलं होतं. "ज्याच्यापायी आपून दोन दोन घंटे रांगेत उभं ऱ्हातो," त्या मला फोनवर म्हणाल्या, "ती वस्तू ह्यांनी हातानं घरात आणली की हो, भाऊजी!"

पुढचे दोन महिने साडूंनी विद्यार्थ्याला लाजवील असा अभ्यास केला. फोनवर व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, कार्बन घालून दोन प्रतींत टिपून घ्यायचे. एक गोरा माणूस तासभर इंग्रजीत बोलायचा, त्यातलं यांना फक्त त्याचे हात कळायचे. तेवढ्यावर त्यांनी अर्धं काम उरकलं. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत न्यायची निळी वायर त्यांनी अंगणातून, डोक्याच्या उंचीवर, ताणून बांधली. दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला सगळं बंद पडू लागलं. साडूंनी रजिस्टर काढून वेळा लिहिल्या, पेटी दोनदा उघडून झाडली, मला तीन फोन केले. शेवटी कळलं, की एवढी छान दोरी आयती बांधून मिळाल्यावर अक्का तिच्यावर धुणं वाळत घालत होत्या, आणि ओल्या लुगड्याच्या वजनानं वायर मागून निसटत होती.

मग आला पत्त्याचा घोळ. घरातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि टीव्हीत तो टाकला की सर्व्हर सापडतो, हे कळल्यावर साडूंना गहिवरून आलं. त्यांनी तो आकडा पुढच्या खोलीच्या भिंतीवर, ऑइलपेंटनं, गाडीच्या पाटीवर असतो तसा रंगवून घेतला. पाहुण्यांनाही दिसावा म्हणून टपोरा. त्याच दुपारी लाइट गेली आणि आली, आणि शेवटचे दोन आकडे बदलले. साडूंचा संताप बघण्यासारखा होता. "गाडीचा नंबर रोज बदलतो व्हय? आरटीओ काय झोपलंय का?" वायफायची डबी दर वेळी वाटेल तो पत्ता वाटते आणि तो एकदा पक्का करून घ्यावा लागतो, हे शोधायला त्यांना आठवडा लागला. भिंतीवरचा मात्र पुसला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली नवा रंगवला आणि शेजारी कंसात लिहिलं, मार्गात बदल.

ज्या दिवशी ते सगळं एकदाचं जुळलं, त्या दिवशी मी वर्गात शिकवत होतो. फोन थरथरला, मी कापला, परत थरथरला. सातव्यांदा मी व्हरांड्यात जाऊन घेतला. "पाव्हणं, नेट बंद केलंय! साफ बंद! तरी चालायलंय की हो!" पलीकडून चमत्कारिक घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, हे काय वाजतंय? "तुमीच हाव! दिवाळीत हितं झोपला व्हता तवा घेतलेलं. पैला व्हिडिओ तुमचा लावला. पुढच्या खोलीत पेटी, मधल्या खोलीत टीव्ही, आणि तुमी घोरायलाव!" माझं घोरणं तारेतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं, या आनंदात त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे घेताना शेजारच्या काकूंनी विचारलंच, "डाउन न्हाय ना झाला अजून?"

एवढं झाल्यावर साडूंनी कॅसेट बाहेर काढली. बार्शीच्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडं चालू व्हीसीआर होता. बसमध्ये ती मांडीवर धरून गेले, शेजारच्या बाईला खिडकी उघडू दिली नाही. स्टुडिओवाला कॅसेट उजेडात धरून म्हणाला, बुरशी धरलीय, एकदा चालेल, दुसऱ्यांदाचा भरवसा नाही. साडू दोन तास त्याच्या शेजारी श्वास रोखून बसले. सगळं उतरलं आणि फीत गुंडाळताना तुटली. घरचं लग्न परक्याच्या दुकानात कशाला, म्हणून त्यांनी स्टुडिओवाल्याकडची नक्कल समोर बसून पुसायला लावली आणि आपली पेनड्राइव्हवर घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी ती सर्व्हरवर चढवली. चढवली म्हणजे तिथून उचलून इथं ठेवली, पेनड्राइव्ह मोकळा केला. सर्व्हरमध्ये त्यांनी कप्प्यांना फलाट क्रमांक दिलेले होते. फलाट एक लग्नं, फलाट दोन भजनं, फलाट तीन किरकोळ, त्यात मी. आणि त्यांचं तत्त्व असं की एकच गाडी दोन फलाटांवर लागू शकत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

सासूबाईंना मे महिन्यात आणलं. माझ्या शाळेला सुट्टी होती, आम्हीही गेलो. परंड्याचा मे म्हणजे पत्रा हाताला चिकटेल असं ऊन. घरच्या ग्रुपवर साडूंनी वेळापत्रक टाकलं होतं, सकाळी ठीक अकरा वाजता फलाट क्रमांक एकवरून. आम्ही पोचलो तेव्हा पेटीच्या अंगावर इरकली लुगड्याच्या जुन्या काठाचं, आत कापूस भरलेलं, खाली झालर लावलेलं कव्हर होतं. अक्कांच्या घरात टीव्हीला, फ्रिजला, शेगडीलाही कव्हर असतं, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. आई येणार म्हणून त्यांनी दोन दिवस बसून ते शिवलं होतं, आणि नाडी स्वतः साडूंनी आवळून बांधली होती. "गाडीला हूड बसलं!" त्यांनी मला कौतुकानं दाखवलं, आणि मीही मान डोलावली.

सासूबाई, त्या दिवसापुरत्या पुढच्या खोलीत पेटीशेजारी आणलेल्या टीव्हीसमोर, खुर्चीत बसल्या. चष्मा दोनदा पुसला. माझी बायको त्यांच्या पायाशी बसली. साडूंनी खाकरून घोषणा केली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि पडदा काळा झाला. शेजारी पेटीची घरघर थांबली. गरम प्लास्टिकचा वास आला. साडूंनी नाडी ओढून कव्हर काढलं आणि हात चटकन मागं घेतला, पेटी तव्यासारखी तापलेली होती. वारा घ्यायच्या जाळ्या सकाळपासून कापसाखाली बंद होत्या.

मी म्हणालो, असू द्या, पेनड्राइव्ह लावा. साडूंचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. "पाव्हणं, एकच हाय ते. म्या कट करून हितं टाकलंय." स्टुडिओवाल्याकडं? "पुसलं." कॅसेट? "तुटली." माझ्या बायकोनं आईचा पाय घट्ट धरला. अक्का कव्हर छातीशी धरून रडायलाच लागल्या, "माझ्याच हातानं झालं गं बाई, माझ्याच हातानं." मला साडूंचा राग आला, आणि त्यांच्याकडं बघून राग धरवेना. एवढा मोठा आवाजाचा माणूस भिंतीला टेकून, हातातलं रजिस्टर पोटाशी घेऊन उभा होता.

शांत होत्या त्या सासूबाई. "तापलंय तर वाईच थांबा की," त्या म्हणाल्या. "तापलेलं माणूसबी लगेच उठत न्हाय." मग त्यांच्या सांगण्यावरून पेटीचं झाकण काढलं, ती पंख्याखाली फरशीवर ठेवली, आणि अक्का डोळे पुसत सुपानं वारा घालू लागल्या. मिक्सरपासून सगळं उघडून बघणाऱ्या साडूंनी त्या उघड्या पेटीत एकदाही डोकावून पाहिलं नाही. पाऊण तासानं सासूबाई म्हणाल्या, "दाबा आता." साडूंचा हात पुढं होईना. शेवटी माझ्या बायकोनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. चक्र फिरलं. आणि पडद्यावर कमळ उमललं, त्यात गुलाब, गुलाबात एक बदाम, आणि बदामात मुंडावळ्या बांधलेले, कोरीव मिशीचे आमचे साडू गोल गोल फिरायला लागले. मी एवढ्या जोरात हसलो की मलाच कळेना, मी हसतोय का रडतोय.

त्या शूटिंगवाल्यानं पुढं फक्त साडूच घेतले होते. साडू बसताना, साडू उठताना, साडू लाडू खाताना. सासरे कुठं दिसेनात. अक्काच आधी ओरडल्या, "सरका की वो तिथनं!" आणि पडद्यावरचा नवरदेव काही सरकेना. तेव्हा साडूंनी रजिस्टर उघडलं. त्यांनी एकट्यानं बसून तो दोन तासांचा व्हिडिओ कितीदा पाहिला होता कोण जाणे. पानाच्या वर लिहिलं होतं, मामांचं वेळापत्रक. ते हळू आवाजात वाचू लागले, "अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मामा मांडवातून उजवीकडं." आणि नवरदेवाच्या खांद्यामागून, पाण्याची बादली घेतलेला एक उंच माणूस पाठमोरा निघून गेला. "एकोणीस मिनिटं पाच. मामा डावीकडून, हातात पत्रावळ्या." अशा नऊ फेऱ्या होत्या. त्यांच्या मागं जुनी दगडी भिंत, धाब्याची घरं आणि लिंबाचं झाड दिसत होतं, मी कधी न पाहिलेलं जुनं सास्तूर. सातव्या फेरीत सासऱ्यांच्या धोतराचा सोगा धरून लाल फ्रॉकमधली एक पोर पळत होती. "आबा," माझी बायको म्हणाली, "आबा अस्संच चालायचे," आणि तिनं ते पाच वेळा लावायला लावलं. स्वतःच्या लग्नात साडूंनी स्वतःची एकही वेळ टिपलेली नव्हती.

नवव्या फेरीत शूटिंगवाल्यानं बहुतेक त्यांना हाक मारली असावी. सासरे थांबले, वळले, पहिल्यांदाच समोरून दिसले. लाजून हसले, हात जोडले, आणि त्यांचा आवाज आला, "आमचं काय घेताव, पाव्हण्यांचं घ्या की!" माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर मी माझ्या सासऱ्यांचा आवाज ऐकला. साडूंनी तिथं चित्र थांबवलं. मग सासूबाई पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "त्या दिशी जेवले न्हाईत हे. पंगती उठस्तवर भात संपला. म्या म्हनलं दुसरा टाकते. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, तू लई दमलीस."

त्याच दुपारी मी साडूंना समोर बसवून तीन नकला करायला लावल्या. फार कुरकुरले, शेवटी रजिस्टरात "जादा गाड्या" असं लिहून मोकळे झाले. कव्हर अक्कांनी उसवलं. सासूबाई आठ दिवस राहिल्या आणि व्हिडिओ त्यांनी आणखी एकदाच पाहिला. निघताना बसमध्ये चढायच्या आधी त्या साडूंना म्हणाल्या, "जावईबापू, ती पेटी बंद करू नगा. म्या काय रोज बघनार न्हाय. पन चालू असू द्या." साडू उत्साहानं सांगायला लागले, मामी, बंद केली तरी आतलं कुठं जात नाही, त्यात एक तबकडी असते, तिच्यावर... आणि मध्येच थांबले. एखादी गोष्ट समजावून सांगता सांगता अर्धी सोडलेले साडू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "व्हय मामी," एवढंच म्हणाले.

या माणसावर माझं फार प्रेम आहे, हे मला त्यांच्या तोंडावर कधी सांगता यायचं नाही. परवा भर दुपारी फोन केला, तर मागं कावळ्यांचा आवाज येत होता. "लाइट गेलीय सकाळपासनं," ते म्हणाले. मग इन्व्हर्टर? "इन्व्हर्टरवर पेटी हाय. पंखे बंद केलेत. दोन्ही चालवलं तर चार घंटेबी टिकत न्हाय." मी विचारलं, एवढ्या उन्हात तुम्ही कुठं? "बाहीर लिंबाखाली बसलोय. तुमच्या अक्काबी हितंच हायत, शेंगा निवडायल्यात." मग म्हणाले, "मामींना सांगा, चालू हाय." मी सांगतो म्हणालो.